व्हायोलिनवाल्याची मेंढरं

पडद्यावर मेंढरं आली तेव्हा माझ्या हातात व्हायोलिन बनवणाऱ्या म्हाताऱ्याची गोष्ट होती आणि तोंडासमोर माईक.

"अण्णा, ही मेंढरं कुठली?" मी विचारलं.

शंकरअण्णा, म्हणजे किन्नरी टॉकीजचे ऑपरेटर, प्रोजेक्टरच्या पोटात दिव्याची कार्बनची कांडी सरकवत होते. "पिक्चरातली," ते म्हणाले.

"पण या पिक्चरमध्ये मेंढरं नाहीत."

अण्णांनी भोकातून खाली पडद्याकडे बघितलं. "शंभर तरी असतील," ते म्हणाले आणि पुन्हा कांडीकडे वळले.

हे मिरजेत घडलं, १९८३ च्या जानेवारीत, एका रविवारी सकाळी साडेनऊला. त्या वेळी गावात 'छायामंडळ' नावाची आमची फिल्म सोसायटी होती. महिन्यातून एका रविवारी बाराच्या खेळाआधी आम्हाला थिएटर मिळायचं. मुंबईहून रेल्वेनं पत्र्याच्या पेट्या यायच्या आणि पेट्यांमधून पूर्व युरोपातले सिनेमे निघायचे. त्यातली भाषा आमच्यापैकी कुणालाच येत नसे, आणि खाली इंग्रजी अक्षरं उमटण्याची चैन आमच्या वाट्याच्या प्रिंटला नसे. म्हणून आम्ही एक पद्धत पाडली होती. आठवडाभर आधी मुंबईहून गोष्टीची चार टंकलिखित पानं यायची. मी मंडळाचा सेक्रेटरी. मी ती मराठीत करायचो आणि ऑपरेटरच्या केबिनमध्ये बसून माईकवर सांगायचो. हा माईक एरवी हरवलेली मुलं आणि वाटेत लावलेल्या सायकली यांच्यासाठी होता. तीन वर्षांत या कामामुळे परदेशी भाषांवर प्रभुत्व असलेला माणूस अशी माझी गावात ख्याती झाली होती. मी कॉलेजात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत डेमॉन्स्ट्रेटर होतो.

एरवीचा रविवार असता तर मी सरळ सांगितलं असतं की मंडळी, पेट्या बदलल्या आहेत, गोष्ट एकीकडची आणि सिनेमा दुसरीकडचा, तेव्हा जे दिसेल ते बघा. लोकांनी तेही आवडीनं बघितलं असतं. पण त्या रविवारी तिसऱ्या रांगेत कडेच्या खुर्चीवर बाबालालचाचा बसले होते. त्यांची पांढरी टोपी मला भोकातून दिसत होती. त्यांना इथवर आणायला मला अख्खा आठवडा लागला होता.

चाचा सतारी बनवायचे. त्यांच्या घरात चार पिढ्या सतारी आणि तंबोरे बनत होते आणि चार पिढ्यांत कुणी वाजवायला बसलं नव्हतं. गिऱ्हाइकाला वाद्य दाखवण्यापुरतं छेडायचं, तेवढंच. चाचांचा मुलगा मुनीर शाळेत माझ्या वर्गात होता. तो भोपळा कापायचा, दांडी तासायचा, आणि दुपारी चाचा नमाजला गेले की मागच्या खोलीत सतार वाजवायचा. फार चांगली वाजवायचा. मुंबईच्या एका संगीतकाराच्या माणसानं ती दुकानात ऐकली होती, आणि आता पत्र आलं होतं की बुधवारी स्टुडिओत हजर व्हा, सिनेमाच्या पार्श्वसंगीतासाठी सतारवाला हवा आहे. बुधवारी हजर व्हायचं तर मंगळवारची गाडी धरायला हवी होती. चाचांनी पत्र वाचून नाही म्हटलं होतं.

"एकदाच म्हणाले?" मी मुनीरला विचारलं होतं.

"एकदाच. दुसऱ्यांदा म्हणायची पाळी आमच्या घरात येत नाही," मुनीर म्हणाला. "म्हणाले, वाजवणाऱ्याला आपला सूर ऐकू येतो, बनवणाऱ्याला वाद्याचा. दोन्ही एकदम होत नाही. हळब्या, तू बोल त्यांच्याशी. तुझं ऐकतील. तू शिकलेला आहेस."

"मी बेडूक कापायला शिकलोय, मुनीर."

पण तेवढ्यात मुंबईहून चार पानं आली होती. एक म्हातारा व्हायोलिन बनवतो, मुलाला गाव सोडू देत नाही, मुलगा एके दिवशी न सांगता जातो तो परत येत नाही, म्हातारा अर्धवट व्हायोलिनवर हात ठेवून मरतो. मी आणि मुनीरनं ती पानं चहाच्या टपरीवर तीनदा वाचली. इतका सोयीचा सिनेमा आमच्या मंडळात कधी आला नव्हता. चाचांनी वयाच्या साठीपर्यंत दोन सिनेमे बघितले होते, तेही लग्नाआधी. मी त्यांना सांगितलं की यात वाद्य कसं बनवतात ते दाखवलंय. तेवढ्यावर ते आले होते.

आणि आता मेंढरं संपायला तयार नव्हती. डोंगराच्या उतारावरून ती धुक्यात शिरत होती आणि धुक्यातून निघत होती. त्यांच्या मागे काठी घेतलेला एक म्हातारा. खाली अठ्ठावन्न सभासद माझ्या आवाजाची वाट बघत होते.

मी माईक सुरू केला.

"हा म्हातारा व्हायोलिन बनवतो," मी म्हणालो. "व्हायोलिनच्या तारा पूर्वी मेंढीच्या आतड्याच्या असत. म्हणून सुरुवातीला मेंढरं."

प्राणिशास्त्राचा माझ्या आयुष्यात झालेला हा एकमेव उपयोग. तिसऱ्या रांगेतली टोपी एकदा हलली. वाद्याची तात कशाची असते हे चाचांना माहीत होतं.

त्यानंतर मला परतीची वाट उरली नाही. एक बाई लोकर धूत होती, ती मी म्हाताऱ्याची बायको केली. ती पुढे दिसेनाशी झाली तेव्हा तिला मारावं लागलं. मग खालच्या वाटेनं एक तरुण वर आला. अंगात शहरी कोट, खांद्यावर तीन पायांचं एक लाकडी काहीतरी.

"हा मुलगा," मी सांगितलं. "खांद्यावर आहे ते नोटेशनचे कागद ठेवायचं स्टँड."

शंकरअण्णा पहिल्यांदाच माझ्याकडे वळून बघत राहिले.

पण मग वाद्य सुरू झालं. पडद्यावर कुणी वाजवत नव्हतं. म्हातारा दगडाच्या कुंपणाला टेकून बसला होता आणि कुठूनतरी तो आवाज येत होता, गजानं वाजवलेला, जाडसर, एकाच माणसानं तोंड मिटून गुणगुणावं तसा. थोडं वर जायचा, तिथे थांबायचा, खाली यायचा आणि विरायचा. मी आधी असं काही ऐकलं नव्हतं. केबिनमधल्या छोट्या स्पीकरमधून तो फाटका ऐकू येत होता आणि खालच्या मोठ्या पडद्यामागून गोल. दोन्हीमध्ये किंचित अंतर पडायचं, तसंच माझ्या बोलण्यातही पडत होतं. मी बोलायचो, आणि क्षणभरानं अंधारातून कुणीतरी दुसरा तेच म्हणायचा. हळूहळू मला तो दुसराच खरा वाटायला लागला. झरोक्यातून सकाळचं ऊन येत होतं, मशीनच्या झोतात धूळ फिरत होती, खाली डोंगर पांढरे होत जात होते. हातातली चार पानं मी कधी खाली ठेवली ते आठवत नाही. मी सांगत होतो आणि मलाही पुढे काय होणार याची उत्सुकता होती.

चौथ्या रिळात म्हातारा आणि तो तरुण डोंगराच्या धारेवर समोरासमोर उभे राहिले. वारा होता. म्हातारा बराच वेळ बोलला. त्याचे ओठ हलत होते आणि अठ्ठावन्न माणसं त्याचं बोलणं माझ्याकडून ऐकायला थांबली होती.

"तो म्हणतोय," मी म्हणालो, "तुला जायचं असेल तर जा. मी दार लावणार नाही."

तरुणानं म्हाताऱ्याकडे बघितलं आणि एकच छोटा शब्द उच्चारला.

"मुलगा म्हणाला, हो."

जिन्याच्या दाराशी मुनीर उभा होता. त्यानं मान वर करून केबिनकडे बघितलं. मला त्याचा चेहरा दिसला नाही.

शेवटच्या रिळात कुणीच बोललं नाही. तरुण निघून गेला होता, मेंढरं खाली आली होती, म्हातारा दगडावर बसला होता आणि ते वाद्य वाजत होतं. पाच-सहा मिनिटं तरी असेल. खरं तर मला तिथे म्हाताऱ्याला मारायचं होतं, चार पानांत तसं स्पष्ट लिहिलं होतं. पण मला काही सुचेना. मी माईक बंद केला.

खेळ संपल्यावर मागच्या अंगणात चहा असायचा. आमचे अध्यक्ष नेर्लेकर वकील चहाचा कप हातात धरून दहा मिनिटं बोलले. मेंढरं म्हणजे सामान्य जनता आणि आतडं म्हणजे तिचं शोषण, असं त्यांचं म्हणणं पडलं. सगळ्यांना पटलं. मलाही पटलं.

चाचा भिंतीच्या उन्हात एकटेच उभे होते. त्यांनी मला मानेनं बोलावलं.

"सिनेमा चांगला होता, मास्तर," ते म्हणाले. मी प्रयोगशाळेत असलो तरी चाचांच्या लेखी मास्तर होतो.

"आवडला?"

"वाद्य चांगलं होतं. एका तारेचं हाय. चामडं ओढलेलं, लाकूड आतनं कोरलेलं. व्हायोलिन न्हवं ते." त्यांनी चहावर फुंकर मारली. "तुम्ही सांगत होता ती गोष्टपण चांगली होती. दुसऱ्या सिनेमाची असंल."

मी कप खाली ठेवला.

"तो पोरगा काय त्या म्हाताऱ्याचा पोरगा न्हवं," चाचा म्हणाले.

"कशावरून?"

"म्हातारा आला की वाद्य वाजतंय. बाई आली तरी वाजतंय. मेंढरांना पण वाजलं. पोरगा आला की गप. एका घरातला असता तर एक तरी सूर त्याच्या वाट्याला आला असता की." त्यांनी बशीत चहा ओतला. "मुनीरनं सांगितलं व्हय हे सगळं करायला?"

"दोघांनी मिळून ठरवलं," मी म्हणालो. खोटं बोलायची माझी त्या दिवसाची ताकद संपली होती.

"मग एवढी मेंढरं कशाला वळलीत? सरळ विचारायचं."

"सरळ विचारलं असतं तर?"

"न्हाई म्हटलो असतो."

त्यांनी चहा संपवला, बशी पालथी करून ठेवली.

"आणि आता?" मी विचारलं.

"आता ते वाद्य कानातनं जाईना झालंय," चाचा म्हणाले आणि निघून गेले. मुनीर त्यांच्यामागे दहा पावलं अंतर ठेवून चालत होता. तो रविवार संपला तेव्हा आम्हा दोघांपैकी कुणालाच काय झालंय ते कळलेलं नव्हतं.

सोमवारी कॉलेज सुटल्यावर मी दुकानात गेलो. चाचा चटईवर बसले होते. मांडीवर सतार. ती मुनीरची होती, मागच्या खोलीत वाजायची ती. मुनीर तीन फुटांवर भोपळ्यांच्या उतरंडीला टेकून बसला होता. दोघंही एकमेकांकडे बघत नव्हते.

"बसा, मास्तर," चाचा म्हणाले. "बरं झालं आलात. त्याला सांगायचंय."

"कुणाला?"

"मुनीरला."

मी मुनीरकडे बघितलं. तो जमिनीकडे बघत होता. म्हणजे इथेही माईकवर मीच होतो.

चाचांनी सतारीवरून घोडी काढली होती. ज्या पट्टीवरून तारा जातात ती, सांबरशिंगाची. तिचा वरचा भाग ते बारीक कानशीनं घासत होते. दोन हात मारायचे, घोडी परत तारांखाली सरकवायची, एक तार छेडायची, कान लावायचा, पुन्हा काढायची. याला जवारी लावणं म्हणतात. शिंगाचा पापुद्र्याएवढा भाग गेला की तार त्याला हळूच चाटून जाते आणि सूर उघडतो, लांबत जातो. जास्त गेला की सूर मरतो. वाद्यातलं बाकी सगळं हातानं होतं, एवढं एक कानानं करावं लागतं. मिरजेत तेव्हा चाचांसारखी जवारी लावणारी माणसं फार नव्हती.

"सिनेमातल्या वाद्याला ही न्हवती," चाचा म्हणाले. "सूर लागला की लगेच संपत होता. एकट्या माणसाचं वाद्य, लांबवून कुणाला ऐकवणार?" त्यांनी तार छेडली. खोलीभर सूर पसरला आणि भोपळ्यांच्या आत शिरून बराच वेळ तिथेच राहिला. चाचांनी मान हलवली आणि घोडी पुन्हा काढली. "त्याला विचारा, उद्या गाडी कितीची हाय?"

"उद्या गाडी कितीची आहे?" मी मुनीरला विचारलं.

"दुपारची," मुनीर मला म्हणाला.

"दुपारची," मी चाचांना सांगितलं.

"तवर होतंय," चाचा म्हणाले.

बराच वेळ कानशीचा तेवढा आवाज येत राहिला. मग चाचांनी शिंगावरची पूड फुंकली. "पोराला सगळं येतंय, मास्तर. दांडी माझ्यापेक्षा सरळ करतो. एवढं एक शिकवलं न्हाई."

"का?"

"शिकवलं असतं तर कवाच गेला असता." त्यांनी घोडी उजेडात धरून एका डोळ्यानं बघितली. "त्याला सांगा, ही जवारी सहा महिने चालंल. रोज वाजवल्यावर उतरतीच. मुंबईत कुणाच्या हातात द्यायची न्हाई. तिथली लोकं शिंग खाऊन टाकतात. इथं घेऊन यायचं."

मी मुनीरकडे वळलो. सांगायची गरज नव्हती, पण मला आता सवय झाली होती. "सहा महिन्यांनी इथं आणायची," मी म्हणालो.

"हो," मुनीर म्हणाला.

तो मंगळवारी गेला. चाचा स्टेशनवर आले नाहीत. सतारीची पेटी मात्र त्यांनी स्वतः कापड भरून बंद केली होती, आणि मुनीरनं मुंबई येईपर्यंत ती उघडली नाही.

मुनीर पुढे चौदा वर्षं सिनेमात वाजवत होता. नायिका खिडकीशी उभी राहिली, आई आजारी पडली, गाडी सुटली, की सतार बहुधा त्याचीच असायची. श्रेयनामावलीत त्याचं नाव कधी आलं नाही. पण मी थिएटरमध्ये डोळे मिटले की मला ओळखू यायचं, हे मी चाचांकडून उचललं होतं. शेजारचे लोक मला झोपलेला समजायचे. दर सहा महिन्यांनी तो मिरजेला यायचा. चार दिवस राहायचा. चाचा जवारी लावायचे, तो शेजारी बसायचा. पहिली दोन वर्षं मी मधे लागायचो, नंतर ते आपसात बोलायला लागले. १९९७ मध्ये चाचा वारले.

पुढच्या वर्षी पुण्यातल्या एका चित्रपट महोत्सवात माझ्यासमोर अचानक मेंढरं आली. तोच डोंगर, तेच धुकं, आणि या वेळी खाली इंग्रजी अक्षरं. मी खुर्चीच्या कडेला सरकून बसलो. तो तरुण सरकारी मोजणीदार होता. खांद्यावरचं स्टँड जमीन मोजायच्या दुर्बिणीचं. धरण होणार होतं. धारेवर म्हातारा त्याला सांगत होता: "त्या दगडापर्यंत माझं आहे. त्याच्या पुढे पाऊल टाकलंस तर कुत्री सोडीन." तरुण म्हणाला होता, "बघू." लोकर धुणारी बाई म्हाताऱ्याची बहीण निघाली, आणि ती मेली नव्हती, बाजाराला गेली होती. मी एकटाच हसत होतो. मग वाद्य सुरू झालं आणि मी लक्ष देऊन ऐकलं. म्हाताऱ्याला वाजत होतं, बहिणीला वाजत होतं, मेंढरांना वाजत होतं. मोजणीदाराला एकदाही नाही.

पुण्याहून मी तसाच मुंबईला गेलो. मुनीरचं घर दुसऱ्या मजल्यावर होतं. मी त्याला सगळं सांगितलं. कुत्री सोडीन म्हटल्यावर तो पोट धरून हसला, डोळे पुसले, पुन्हा हसला. कोपऱ्यात सतार होती. ती मांडीवर घेऊन त्यानं ते वाद्य जसं आठवत होतं तसं वाजवून दाखवलं. पंधरा वर्षांनीही त्याच्या लक्षात होतं. सूर सुरेख उघडा होता.

"जवारी छान आहे," मी म्हणालो. "आता कुणाकडून लावून घेतोस?"

"मीच लावतो."

"तुला येत नव्हती ना?"

"पहिल्याच वर्षी शिकलो. स्टुडिओत एक म्हातारे दिलरुबावाले होते, त्यांनी शिकवली. अब्बांच्या हातासारखी नाही, पण येते." त्यानं खुंटी जरा पिळली. "शिंगही चांगलं होतं, रे. वर्षभर आरामात टिकायचं."

"मग दर सहा महिन्यांनी मिरजेला?"

मुनीरनं सतार मांडीवरून खाली ठेवली. "निघायच्या आदल्या दिवशी कानस घ्यायचो आणि दोन हात मारायचो," तो म्हणाला. "बिघडलेली दिसायला नको का?"

"चाचांना कळलं नाही?"

"पाचव्या का सहाव्या खेपेला त्यांनी घोडी काढली, खिडकीशी नेली, बघितली. मला म्हणाले, 'मुनीर, एवढं खोल मारत जाऊ नको. शिंग लवकर संपतंय.'"

"मग?"

"मग हलक्या हातानं मारायला लागलो."